गृहपाठाची वहिवाट

‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण ज्या कोणा उतावळ्या गृहस्थाने प्रथम उच्चारली असेल, तो आमच्या हिंगोली जिल्ह्याचा रहिवासी खचित नसावा; कारण मृगाच्या आगेमागे लावलेले बेणे आठ-नऊ महिने जमिनीत राहते, त्यानंतर पीक खणून काढावे, शिजवावे, उन्हात वाळवावे, ढोलात घालून घासावे, आणि एवढे सोपस्कार उरकल्यावर ते वसमतच्या अथवा हिंगोलीच्या मोंढ्यात नेऊन भावाच्या तोंडाकडे पाहत बसावे, तेव्हा कुठे हळद हा पदार्थ पिण्याच्या योग्यतेस येतो, ही गोष्ट या मुलखातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. वसमतच्या ज्या हळदीस आता भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली आहे, ती पिकवणारा शेतकरी म्हणजे धीराचा मूर्तिमंत पुतळाच म्हटला पाहिजे. परंतु हाच धीरोदात्त पुरुष जून महिन्यात आपल्या सहा वर्षांच्या चिरंजीवास शाळेत बसवतो आणि त्याच सायंकाळी, पोराने पायांतल्या चपला काढण्यापूर्वी, त्याच्या दप्तरात हात घालून विचारतो, “काय दिलं रं घरी कराय?” ‘काहीच नाही’ असे उत्तर आले की त्याची मुद्रा म्लान होते, आणि दुसऱ्या दिवशी पारावर तो आपली कैफियत मांडतो की, पलीकडच्या इंग्रजी शाळेत बालवाडीच्या लेकरांनाही दोन-दोन पानं लिहाय देतेत, आणि आपले गुरुजी पोरांकडून गाणी म्हणून घेतेत अन् पगार उचलतेत.

गृहपाठाने शाळकरी मुलांचे हित होते किंवा कसे, या प्रश्नावर जगात आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. हित होते, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही; ते नेमके कोणाच्या पदरात पडते, एवढ्याच मुद्द्यावर थोडी चौकशी करणे आवश्यक वाटल्यावरून, जे पाहण्यात आले ते येथे नमूद करतो.

पहिला हितसंबंधी इसम म्हणजे शाळेच्या फाटकासमोरचा स्टेशनरीवाला. तिसरीच्या वर्गास आज काय दिले आहे, हे तिसरीतल्या मुलास धड सांगता येत नाही, त्याच्या मातापितरांस ठाऊक नसते, आणि दिवसभरात खिचडीच्या तांदळापासून मतदारयादीपर्यंत दहा हिशेब सांभाळणाऱ्या वर्गशिक्षकांच्याही ते स्मरणात राहिले असेलच असे नाही. परंतु या इसमास ते सायंकाळी सहाच्या ठोक्यास मुखोद्गत असते, कारण पहिल्या तीन गिऱ्हाइकांनी एकच वस्तू मागितली की तो बाकीच्या वर्गाचा माल माळ्यावरून उतरवून गल्ल्याशेजारी रचून ठेवतो. “समाजसुधारक द्या,” असे एक पिता मोटारसायकलवरून न उतरताच फर्मावतो, आणि चकचकीत तक्त्यावर महात्मा फुल्यांपासून महर्षी कर्व्यांपर्यंत सगळे सुधारक तिकिटांच्या आकाराने रांगेत उभे असलेला कागद त्याच्या हाती पडतो. घरी गेल्यावर हे थोर पुरुष कात्रीने परस्परांपासून विलग होतात आणि डिंकाच्या साह्याने वहीत कायमच्या वास्तव्यास जातात. मुलींच्या शिक्षणासाठी ज्यांनी अंगावर शेण झेलले, त्या सावित्रीबाईंना वहीत चिकटवण्याचे काम घरातली शिकलेली सून करते, आणि त्या वेळी तव्यावर भाकरी करपत असते.

या सुनेचा, म्हणजे एकंदर मातृवर्गाचा, लाभ याहून सूक्ष्म आहे. दहावीनंतर बोहल्यावर उभ्या राहिलेल्या आणि त्यामुळे ज्यांच्या अध्ययनाचा धागा मध्येच तुटला अशा शेकडो स्त्रियांना गृहपाठाने पुनश्च शाळेत नेऊन बसवले, ही सामाजिक क्रांती कोणत्याही योजनेच्या अहवालात नोंदलेली नाही. आमच्या शेजारच्या वहिनींनी थोरल्या मुलाबरोबर पाचवी ते आठवी एकवार पुरी केली आणि धाकट्याबरोबर आता दुसऱ्यांदा चालू आहे. अपूर्णांकांच्या भागाकारात आज आळीमध्ये त्यांचा हात धरणारा कोणी नाही. थोरल्याला मात्र भागाकार येत नाही, कारण त्याची त्याला कधी गरजच पडली नाही. तथापि वहिनींचे खरे कसब अक्षरात आहे. त्यांचे स्वतःचे वळण मोत्याच्या दाण्यासारखे असल्यामुळे बाईंना संशय येऊ नये म्हणून त्या पेन्सिल डाव्या हाती धरतात, दर तिसऱ्या-चौथ्या ओळीत ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक बेताने पेरतात, एखादा शब्द खोडरबराने कागद फाटेस्तोवर खोडतात, आणि पान भरल्यावर त्यावरून तळहात फिरवून त्यास बाल्याची कळा आणतात. एवढी तालीम अन्यत्र कामी आली असती, तर बनावट दस्तऐवजांच्या खात्यात त्यांचे नाव झाले असते.

गेल्या वर्षी धाकट्याच्या वर्गास ‘माझी आई’ हा निबंध आला आणि रात्री दहा वाजता, मुलगा घोरत असताना, तो लिहिण्याचा प्रसंग वहिनींवर ओढवला. आत्मचरित्र लिहिताना भल्याभल्यांचा संयम सुटतो. त्या मानाने ‘माझी आई फार कष्टाळू आहे, ती पहाटे पाचला उठते’ इतक्यावरच त्यांनी लेखणी आवरली, हा त्यांचा विनय म्हटला पाहिजे. पुढल्या आठवड्यात ‘माझे बाबा’ हा विषय आला तेव्हा मात्र त्यांनी हात आखडता घेतला नाही. ‘माझे बाबा सुट्टीच्या दिवशी दिवसभर मोबाइल पाहतात आणि चहा जागेवर मागतात’ या वाक्याखाली बाईंनी लाल शाईने ‘छान निरीक्षण’ असा शेरा मारून तो निबंध भर वर्गात वाचून दाखवला, आणि भाऊंनी त्या सत्रातल्या पालकसभेस जाण्याचे टाळले.

पितृवर्गाच्या वाट्यास ‘प्रकल्प’ येतात. त्यांपैकी ज्वालामुखीचा प्रकल्प विशेष लोकप्रिय असून, पुठ्ठा, शाडूची माती, तांबडा रंग, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एवढ्या सामग्रीच्या शोधात बाप मंडळी गावभर हिंडताना दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्ह्याच्या थरांवरच हा मराठवाडा वसलेला आहे, आणि शेताच्या बांधावरचा कोणताही काळा धोंडा उचलून वर्गात नेला असता खऱ्या ज्वालामुखीचा खरा तुकडा मास्तरांच्या टेबलावर ठेवल्याचे पुण्य लाभले असते; परंतु धोंड्यास तांबडा रंग नसतो आणि त्यातून फेस येत नाही, म्हणून त्यास गुण मिळत नाहीत.

मास्तरांविषयी बोलताना जीभ जपून चालवली पाहिजे, कारण त्यांची बाजू कोणी ऐकत नाही. दोन मास्तरांत पाच वर्ग वाटून घेतलेली शाळा, एका भिंतीकडे तोंड करून पहिली आणि दुसरीकडे तोंड करून तिसरी, शिवाय जनगणना, मतदान, पोषण आहार आणि दर दोन दिवसांनी ‘अत्यंत तातडीची’ म्हणून मागवलेली माहिती, इतका कारभार सांभाळून जो मनुष्य फळ्यापाशी उभा राहण्यास सवड काढतो, त्याने रोज पंचेचाळीस वह्या अक्षरन्अक्षर वाचाव्यात ही अपेक्षा केवळ ज्यांना वही नाही असेच लोक बाळगू शकतात. तेव्हा तो पानाच्या तळाशी ‘पाहिले’ असे लिहून खाली तारखेसह सही ठोकतो. हे ‘पाहिले’ म्हणजे आमच्या शिक्षणव्यवहारातले सर्वांत सत्यनिष्ठ विधान आहे, कारण त्यात वाचल्याचा दावा कुठेच नाही. तपासणीस आलेले साहेबही वही उलटसुलट करून ‘पाहिले’ पाहतात, आणि अशा रीतीने जे आईने लिहिले आणि मुलाने आणून दिले, ते सर्वांनी पाहिल्याचा पुरावा दप्तरी दाखल होतो.

पूर्वी हा सारा व्यवहार तोंडी असे. दिवेलागणीला हातपाय धुऊन पोरे ओसरीवर मांडी घालून बसत, आणि पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असा परवचा एका सुरात म्हणत. आजोबा झोपाळ्यावर डोळे मिटून ऐकत आणि सूर चुकला की डोळे न उघडता हुंकार देत. त्यास वही लागत नसे, डिंक लागत नसे, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून तो म्हणून घेता येत नसे. परवच्याने पोरे गणितज्ञ झाली असे कोणी म्हणणार नाही. पण पुढे निजामाच्या राजवटीत वरच्या इयत्तांची विद्या उर्दूतून घ्यावी लागली, आणि घरात ती भाषा जाणणारे कोणी नसल्याने मुलाचा अभ्यास मुलानेच करण्याची सक्तीची पद्धत या प्रांतात सप्टेंबर १९४८ पर्यंत आपोआप चालू राहिली. जुलमी राजवटींचेही कधीकधी असे नकळत उपकार असतात; अर्थात त्यासाठी निजाम परत आणावा असे माझे म्हणणे नाही.

फार मागे जाण्याची तयारी असेल, तर मराठी भाषेतला सर्वांत प्रसिद्ध नापास विद्यार्थी आमच्याच जिल्ह्याचा आहे, हेही सांगितले पाहिजे. हिंगोलीपासून जवळच्या नर्सीचे नामदेव, ज्यांचे हे जन्मस्थान म्हणून येथील लोक अभिमानाने दाखवतात, ते संतांच्या मेळ्यात तेर गावी बसले असता गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेऊन एकेकाचे डोके तपासले. बाकीचे मुकाट बसले, नामदेवांनी तक्रार केली, आणि ‘हे मडके कच्चे’ असा निकाल जागच्या जागी जाहीर झाला, ही कथा परंपरेने सर्वांस परिचित आहे. पुरवणी शिकवणीसाठी त्यांची रवानगी औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांकडे झाली. तेथे जाऊन पाहतात तो गुरुजी पिंडीवर पाय ठेवून निजलेले. विद्यार्थ्याने आक्षेप घेतला तेव्हा गुरुजींनी, जेथे देव नसेल तेथे हे पाय उचलून ठेव, एवढेच काम सांगितले आणि ते पुनश्च निजले. या एका कामाने नामदेव असे पक्के झाले की त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबात समाविष्ट आहेत. आता कल्पना करा की विसोबांनी ते काम घरी करून आणण्यास सांगितले असते, आणि दामाशेटींनी रातोरात ‘देव नसलेल्या जागा’ असा रंगीत तक्ता तेरच्या बाजारातून आणून वहीत चिकटवून दिला असता. मडके कच्चेच राहिले असते, पण वहीवर ‘पाहिले’ आले असते.

या विषयाचे शास्त्रीय संशोधन करणारेही पुष्कळ झाले. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर यांनी अनेक अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेऊन २००६ मध्ये जो निष्कर्ष मांडला, त्याचा मथितार्थ असा की, वरच्या इयत्तांत गृहपाठ आणि गुण यांचा बऱ्यापैकी संबंध दिसतो, लहान इयत्तांत तो नाममात्र असतो, आणि मोठ्यांच्या बाबतीतही दोन तासांपलीकडे मेहनत पाण्यात जाते. कॅलिफोर्नियाने तर १९०१ मध्येच पंधरा वर्षांखालच्या मुलांस गृहपाठ देण्यास कायद्याने मनाई केली होती, आणि चीनने २०२१ मध्ये पहिली-दुसरीचा लेखी गृहपाठ बंद केला. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवी आठवड्यास फार तर दोन तास, सहावी ते आठवी दिवसास एक तास, अशी मोजमापे घालून दिलेली आहेत. हे धोरण उत्तम आहे. ते कोणत्याही गावातल्या पालकास वाचून दाखवले, तर तो ते शांतपणे ऐकून घेईल आणि शेवटी विचारील, “मग पोरगं घरी करणार काय?”

आमच्या राज्य सरकारने निराळा मार्ग चोखाळला. गृहपाठच बंद करावा अशी भाषा मध्यंतरी कानी येऊन गेली. नंतर २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच ‘माझी नोंद’ या मथळ्याची कोरी पाने बांधण्यात आली, हेतू हा की वेगळ्या वह्या नकोत आणि दप्तर हलके व्हावे. मुलांनी पुस्तकांतली कोरी पाने कोरीच ठेवली आणि वह्याही बरोबर आणल्या. सबब दप्तर कोऱ्या पानांइतके जड झाले. २०२५ च्या आरंभी हा निर्णय मागे घेण्यात आला. सरकारी खर्चाने राज्यभरातल्या मुलांस दोन वर्षे जे कोरे कागद पुरवण्यात आले, तो माझ्या मते या सगळ्या इतिहासातला एकमेव असा गृहपाठ होय, जो कोणाच्याही आईने पुरा केला नाही.

गृहपाठ कसा द्यावा याचा एक जिवंत नमुना आमच्या जिल्ह्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये देशास दाखवला. कळमनुरीचे आमदार जिल्हा परिषदेच्या एका शाळेत गेले असता त्यांनी चिमुकल्यांना असे काम दिले की, पुढील निवडणुकीत आईवडील मला मत देणार नसतील, तर तुम्ही दोन दिवस जेवू नका. मुलांना निवडणुकीच्या कामी लावू नये, असे निवडणूक आयोगाने त्याच महिन्यात बजावले होते, म्हणून वर्तमानपत्रांनी बराच गहजब केला, आणि तो योग्यच होता. परंतु निव्वळ अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने पाहता त्या कामात काही दुर्मीळ गुण होते: साहित्य लागत नव्हते, पालकांचा सहभाग होता, आणि ज्याचे त्यानेच करावे लागणार होते, कारण मुलाचा उपास आईस करता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आमदार पुन्हा निवडून आले. त्यात उपाशी लेकरांचा वाटा किती, याचा रकाना आयोगाच्या तक्त्यात नाही.

वाटा मोजण्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो: औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ वेधशाळा उभी राहणार असून २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजा प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल टिपू शकतील, असे शास्त्रज्ञ सांगतात. या यंत्राखाली चौथीची एक गृहपाठाची वही धरून पाहावी, अशी माझी फार इच्छा आहे. विद्यार्थ्याचा स्वतःचा वाटा निदान त्या मर्यादेत सापडेल अशी आशा वाटते.

आता इतका वेळ जी घरे मी वर्णन केली, त्यांत निदान लिहून देणारी आई आहे, मोटारसायकलवाला बाप आहे, आणि तक्ते विकणारे दुकान हाकेच्या अंतरावर आहे. सेनगावच्या नाहीतर कळमनुरीच्या एखाद्या वाडीत यांतले काहीच नसते. दिवाळीच्या सुट्टीत, ज्या सुट्टीचा अभ्यास म्हणून शंभर पाने शुद्धलेखन दिले जाते, तेथे सोयाबीन नुकते घरात आलेले आणि कापसाची वेचणी चाललेली असते. काही घरे तर ऊसतोडीला निघून गेलेली असतात आणि पोरगा आजीजवळ राहिलेला असतो. आजीला वाचता येत नाही. त्या घरातली वही कोरी आली की वर्गात तिला ‘आळशी’ हे नाव मिळते, आणि वहिनींच्या डाव्या हाताची वही ‘सुबक’ ठरते. गुण घराला मिळतात, आणि प्रगतिपुस्तकावर नाव मुलाचे असते. हा अन्याय इतका नित्याचा आहे की त्यास कोणी अन्याय म्हणत नाही.

परंतु मार्चच्या सुमारास, हळद शिजवण्याच्या हंगामात, याच वह्यांत एक निराळी गोष्ट दिसते. पानाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा पिवळाधमक ठसा उमटलेला असतो, आणि तो धुऊन जात नाही. अशी वही ज्याने स्वतः लिहिली असे निःशंक मानता येईल, असा पोरगा मी कुकरच्या वाफेपाशी बसलेला पाहिला आहे. ओली हळद पाच क्विंटल असली तर वाळून हाती किती येईल, असे विचारताच वर न पाहता तो म्हणाला, “एखादं येतं. ऊन चांगलं असलं तर.” मग आजच्या भावाने त्याचे किती होतात, हमाली-तोलाई जाऊन किती उरतात, हेही त्याने चुलीत तुराटी सारता सारता सांगितले. त्याच्या गुडघ्यावर उघड्या असलेल्या वहीत शेकडेवारीचे उदाहरण होते: एका व्यापाऱ्याने बारा टक्के नफ्याने टेबल विकले. ते त्यास आले नव्हते. टेबल हा पदार्थ त्याच्या घरी नव्हता, आणि नफा हा पदार्थही क्वचितच येतो.

तेव्हा माझा अभिप्राय असा की, पाचवीपर्यंत घरी लेखी काम देण्याची ही वहिवाट मोडावी. त्याच्या वर द्यावेच लागले तर असे द्यावे की जे दुसऱ्याला करून देता येणार नाही: आजीला एक गोष्ट विचारून येणे, मोंढ्यातले भाव फळ्यावर लिहून त्यांचे गणित मांडणे, ग्रंथालयातले एक पुस्तक वाचून त्यातले काय आवडले नाही ते वर्गात तोंडी सांगणे. हे मान्य होण्यास वेळ लागेल, हे मी जाणतो. तोवर जिल्ह्यातल्या तमाम मुख्याध्यापकांस एकच विनंती आहे. वहीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी, ‘पाहिले’च्या शेजारी, ‘करणाराची सही’ असा एक रकाना छापून घ्यावा, पालकांनी तो खरेपणाने भरावा, आणि वर्षअखेरीस ज्या ज्या घरी त्या रकान्यात आईचे नाव भरलेले आढळेल, तेथे प्रगतिपुस्तक तिच्या नावे काढून, भागाकारात पैकीच्या पैकी गुण देऊन, तिला वरच्या वर्गात घालावे.